रोझा बॉनर आणि तिचे बैल



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता हा फार सोशिक प्राणी आहे. दिवसभर वैशाखाचे ऊन सोसल्यावर वाऱ्याच्या झुळकीच्या आशेने तो संध्याकाळी येथे येऊन बसतो, आणि झुळूक आली नाही तरी तिचा राग वक्त्यावर काढीत नाही. राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या रांगेत आम्ही आज बैल, घोडे, मेंढ्या आणि एक सिंह घेऊन आपणांसमोर उभे आहोत. हा सारा गोतावळा आमचा नव्हे. तो फ्रान्स देशातील रोझा बॉनर या चित्रकर्तीचा आहे. १८२२ साली ती जन्मली, १८९९ साली वारली, आणि या सत्त्याहत्तर वर्षांत, हातात पेन्सिल धरता येऊ लागल्यापासून ती खाली ठेवावी लागेपर्यंत, तिने मुख्यतः एकच गोष्ट केली. तिने जनावरे पाहिली आणि काढली.

रोझाबाईंकडे जाण्यापूर्वी आपणांस एक साधा प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. बसलेली गाय उठते, तेव्हा ती आधी पुढचे पाय उचलते की मागचे? ज्यांचे बालपण गोठ्याजवळ गेले ते या प्रश्नाला हसतील. गाय आधी मागचा भाग उचलते, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहते, आणि मग पुढचे पाय सरळ करते. घोड्याचे नेमके उलट. तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मग मागचा भाग उचलतो. आता आपल्यासारख्या शहरवासीयांनी गाय पाहिलेली नाही असे कोण म्हणेल? आपण तिला घास घातलेला आहे, तिच्या पाठीला हात लावून तो हात कपाळाला लावलेला आहे, तिच्यावरून मोठमोठे वादही घातलेले आहेत. परंतु ती उठते कशी, हे सांगताना पुष्कळांची जीभ अडखळते. आपण गायीला नमस्कार केला, तिच्याकडे पाहिले मात्र नाही.

आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. जनावरांवर, झाडापानांवर, एकंदर सृष्टीवर आपले प्रेम आहे असे आपण सहज बोलून जातो. त्या प्रेमाला ओळखीचा आधार नसेल तर ते प्रेम फार तर हळवेपणा ठरते. ओळख ही पाहण्याने होते, आणि पाहणे म्हणजे काय हे रोझा बॉनरच्या आयुष्यावरून जितके स्पष्ट कळते तितके थोड्यांच्या आयुष्यावरून कळत असेल.

रोझाचा जन्म बोर्दो शहरी १६ मार्च १८२२ रोजी झाला. बाप रेमाँ बॉनर चित्रकलेच्या शिकवण्या करी, आई सोफी पियानो शिकवी. चार भावंडांत रोझा थोरली. ही चारही मुले पुढे कलावंतच झाली आणि चौघांच्याही कलेत जनावरे आली, त्यावरून त्या घरची हवा कशी असेल याची कल्पना यावी. पण पोरगी मोठी हट्टी. वाचायला शिकायचे म्हटले की तिच्या अंगावर काटा येई. अक्षरे म्हणजे नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा, त्यांत जीव कोठे आहे? तेव्हा आईने एक युक्ती काढली. प्रत्येक अक्षरासमोर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचा एक प्राणी काढायचा. आपली मुले 'ग गणपतीचा' आणि 'ह हरणाचा' असे घोकतात, परंतु ते चित्र छापणाराने काढून ठेवलेले असते. सोफीबाईंनी चित्र काढण्याचे काम मुलीवरच सोपविले, आणि प्राण्यांच्या पाठीवर बसून रोझा अक्षरांच्या गावी पोहोचली. एखाद्या आईने आपल्या लेकराची प्रकृती ओळखून केलेली ही केवढी मोठी गोष्ट! शिक्षणशास्त्राचे ग्रंथ तिने वाचले नसतील. तिने मुलीकडे नीट पाहिले होते, एवढे मात्र खरे.

त्या आईचे सुख रोझाला फार दिवस लाभले नाही. १८२९ साली कुटुंब पॅरिसला आले. बाप सेंट सायमनच्या पंथाच्या नादी लागला. हा पंथ समाजाची नवी घडी बसवू पाहणारा आणि स्त्रीपुरुषांच्या समतेचा उच्चार करणारा होता. १८३२ साली बापाने घरदार सोडून काही काळ त्या पंथाच्या आश्रमात मुक्काम ठोकला. तत्त्वे उदात्त होती, पण चूल पेटविण्याचे काम सोफीकडे आले. दिवसा शिकवण्या, रात्री शिवणकाम, असे करता करता १८३३ साली ती गेली. रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती. थडग्यासाठी पैसे नव्हते, म्हणून आईला बेवारशांच्या सामाईक खड्ड्यात पुरावे लागले. समतेचा संदेश देणाऱ्या बापाच्या घरी ही गोष्ट घडली, आणि थोरल्या मुलीच्या मनातून ती कधीच गेली नाही. विवाहाच्या भानगडीत न पडण्याचा तिचा निश्चय आणि स्वतःच्या हातांनी मिळवून खाण्याची तिची जिद्द यांचे मूळ तेथे शोधावयास हरकत नाही.

मुलीचे पुढे काय करावे हा प्रश्न आला. शाळा तिला मानवेना आणि ती शाळांना मानवेना. शिवणकाम शिकावे म्हणून एका शिंपिणीकडे ठेवली, तेथेही तिचे चित्त लागेना. अखेरीस बापाने हात टेकले आणि तिला आपल्या चित्रशाळेत घेतले. याबद्दल बापाचे सारे अपराध आपण थोडे सौम्य मानू. फ्रान्समधील सरकारी कलाशाळेचे दार त्या काळी स्त्रियांना बंद होते. ते उघडले १८९७ साली, म्हणजे रोझाच्या मृत्यूला दोन वर्षे राहिली असताना! तेव्हा बाप हाच तिचा गुरू, आणि लूव्रचे संग्रहालय हीच तिची शाळा. तेथे बसून ती जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करी. परंतु हे झाले हाताचे शिक्षण. डोळ्याचे शिक्षण दुसरीकडे चालू होते. शहराबाहेरच्या शेतांत, गोठ्यांत, आणि खुद्द राहत्या घरात! पॅरिसमधील त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात एक मेंढी होती. तिला चरायला नेण्यासाठी रोझाचा भाऊ इझिदोर तिला खांद्यावर घालून जिना उतरे आणि पुन्हा चढे. आपल्याकडील चाळीतल्या मालकाने असे भाडेकरू किती दिवस ठेवून घेतले असते, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

१८४१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात तिची चित्रे प्रथम लागली. त्यांत एका चित्राचा विषय काय होता म्हणाल, तर गाजरे कुरतडणारे दोन ससे. त्या काळी मोठे चित्र म्हणजे लढाई, राजाभिषेक, पुराणकथा असे समीकरण होते. जनावर चित्रात यावयाचे ते राजाच्या मांडीखाली किंवा शिकाऱ्याच्या पायाशी. रोझाने त्याला चित्राच्या मध्यभागी आणून बसविले आणि भोवतालच्या माणसांना थोडे बाजूला सरा म्हणून सांगितले.

याचा कळस म्हणजे १८४९ सालचे 'निव्हर्ने प्रांतातील नांगरट' हे चित्र. १८४८ साली तिला प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि सरकारने तीन हजार फ्रँक देऊन नांगरटीचे चित्र काढावयास सांगितले. हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. लांबी अडीच मीटरांहून अधिक. त्यात आहे काय? बारा बैल. सहा-सहा बैलांचे दोन नांगर एकामागून एक चालले आहेत. शरद ऋतूतील स्वच्छ ऊन पडले आहे. ही वर्षाची पहिली नांगरट. हिवाळाभर माती उघडी राहून तिने हवा प्यावी म्हणून जमीन उलथून ठेवावयाची. आपल्याकडे जमीन उन्हाने तापावी म्हणून नांगरतात, तेथे थंडीसाठी नांगरतात, एवढाच फरक. आपल्या काळ्या रानांतही सहा-सहा, आठ-आठ बैलांचे लाकडी नांगर चालत असत. ते ज्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. परके वाटेल ते एवढेच, की त्या बैलांना वशिंड नाही. पाठ सरळ, अंग भरलेले, रंग पांढरा आणि पिवळसर. आपल्या खिल्लारीचा डौल त्यांत नाही, पण ओढीच्या ताकदीने खांदा कसा फुगतो, मान कशी खाली जाते, तोंडातून लाळ कशी सुटते, हे पाहिले की जात निराळी असली तरी कष्ट तोच आहे हे कळते.

या चित्रात माणसे आहेत, पण ती जणू बैलांच्या आडोशाला आहेत. नांगऱ्या तर जवळजवळ झाकलेलाच. समोर उलथलेल्या मातीची ढेकळे इतकी स्पष्ट, की पायाला टोचतील असे वाटते. आणि या सगळ्यात एक बैल चालता चालता आपल्याकडे पाहतो आहे. त्या डोळ्यात तक्रार नाही आणि लाचारीही नाही. 'मी येथे काम करतो आहे, तू कोण?' एवढेच तो विचारतो. आपल्याकडे बैलपोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना बेगड लावतात, अंगावर झूल घालतात, आणि पुरणपोळी चारतात. ती एक दिवसाची कृतज्ञता मोलाची आहेच. परंतु रोझाने त्या बैलाला झूल घातली नाही, त्याला सजविले नाही. तो कामाच्या दिवशी जसा असतो तसा दाखविला, आणि तसाच तो आदराला पात्र आहे असे सर्व पॅरिसकडून वदवून घेतले.

आता आपण विचाराल, की हे साधले कसे? केवळ जनावरांची आवड असून भागते का? भागत नाही. आणि येथे आम्हांला अशा जागी जावे लागणार आहे जेथे हळव्या मनाचा माणूस पाऊल घालणार नाही. रोझा खाटीकखान्यात जाई. तरुण वयात, एकटी स्त्री, रक्तामांसाच्या चिखलात उभी राहून ती कातडीखाली स्नायू कसा असतो, स्नायूखाली हाड कसे बसते, हे पाहून काढी. तेथली माणसे तिची टवाळी करीत. पुढे तेथल्याच एका दणकट कामगाराने तिला आपल्या पंखाखाली घेतले, तेव्हा कोठे तिला निर्वेधपणे काम करता येऊ लागले. जिला मेंढी जीव की प्राण, ती मेंढ्या कापल्या जातात तेथे रोज कशी जाऊ शकली? आम्हांस वाटते की याचे उत्तर तिच्या प्रेमाच्या जातीत आहे. दृष्टीआड सृष्टी करून जे सुखात राहते ते प्रेम तिचे नव्हते. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याचे सारे पाहिले पाहिजे, त्याचे मरणसुद्धा, असा तिचा स्वतःशीच करार होता. वैद्याचा मुलगा प्रेताला भिऊन चालत नाही, तसेच हे.

खाटीकखान्यानंतर घोड्यांचा बाजार. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएरच्या रुग्णालयाजवळच्या रुंद, झाडांच्या रस्त्यावर तो भरे. तेथे ती आठवड्यातून दोनदा अशी दीड वर्ष जात राहिली. दलाल, सौदागर, शिव्यागाळी, खूर आणि चाबूक यांच्या त्या गर्दीत घोळदार झगा घालून उभे राहणे म्हणजे कामाची खोटी आणि जिवाला धोका. म्हणून ती पुरुषी कपडे घालून जाई. त्यासाठी पोलिसांची परवानगी लागे! १८०० सालच्या एका हुकुमाने पॅरिसमध्ये स्त्रियांना पुरुषी पोशाख विनापरवाना घालण्यास मनाई होती. रोझाला मिळालेले १८५७ सालचे असे एक परवानापत्र उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, कारण प्रकृतीचे, आणि अट अशी की या पोशाखात नाटकास, नृत्यास किंवा सार्वजनिक समारंभास जाऊ नये. बाजारात घोड्याच्या लाथा खाण्यास मात्र मोकळीक होती. तो जुना हुकूम आता लागू नाही असे फ्रेंच सरकारने जाहीर केले ते २०१३ साली. सरकारी कागद मरत नाहीत, निपचित पडून राहतात, हे सर्व देशांत सारखेच दिसते.

या दीड वर्षातून जन्मले ते 'घोड्यांचा बाजार' हे चित्र. लांबी पाच मीटरांहून अधिक, उंची जवळजवळ अडीच मीटर. १८५३ साली ते प्रदर्शनात आले आणि १८५५ साली तिने त्यावरचा अखेरचा हात फिरविला. दणकट पेर्शरोन घोडे वळण घेत दौडत आहेत, कोणी मागच्या पायांवर उभा ठाकला आहे, कोणाच्या शेपटीला गाठ मारलेली आहे, सईस लगामाला लोंबकळत आहेत, धूळ उडते आहे. दूर डाव्या बाजूस रुग्णालयाचा घुमट दिसतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर कोरलेली घोडेस्वारांची मिरवणूक तिच्या मनात होती. परंतु देवळाच्या भिंतीवरचे ते वैभव तिने पॅरिसच्या बाजारातल्या ओझेकरी घोड्यांना बहाल केले, हे तिचे वैशिष्ट्य. चित्र आपल्या जन्मगावी जावे अशी तिची इच्छा होती, पण तो व्यवहार जमला नाही. लंडनचा व्यापारी गांबार याने ते चाळीस हजार फ्रँकांना घेतले. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीने ते पाहिले. पुढे १८८७ साली अमेरिकन धनिक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट याने ते विकत घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. ते आजही तेथेच आहे.

चित्रांचा पैसा आला तसे रोझाबाईंनी शहराला रामराम ठोकला. १८५९ साली फाँतेनब्लोच्या अरण्यालगत बी नावाच्या खेड्यात तिने एक वाडा घेतला आणि बालमैत्रीण नॅताली मिका व तिची आई यांच्यासह तेथे बिऱ्हाड केले. नॅताली घर सांभाळी, आजारी जनावरांची शुश्रूषा करी, आणि प्रसंगी चित्राच्या कामालाही हात लावी. 'घोड्यांच्या बाजारा'ची जी लहान प्रत लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, तिच्यात नॅतालीचाही हात आहे. वाड्यात मेंढ्या, घोडे, हरणे, माकडे आणि शेवटी सिंहसुद्धा आले. १८६५ साली फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी स्वतः या वाड्यावर आली आणि तिने लिजन ऑफ ऑनर हा सन्मान रोझाच्या छातीवर लावला. कलेसाठी हा सन्मान मिळविणारी ती पहिली स्त्री. सम्राट त्या वेळी अल्जीरियाच्या दौऱ्यावर होता आणि कारभार सम्राज्ञीकडे होता. तिने ती संधी साधली असे म्हणावयास हरकत नाही.

आता सिंहाविषयी. नीरो नावाचा सिंह तिने बाळगला होता. पुढे प्रवासामुळे त्याला पॅरिसच्या प्राणिबागेत द्यावे लागले. काही काळाने ती त्याला भेटावयास गेली, तो त्याची दृष्टी गेलेली. पण तिचा आवाज ऐकताच त्याने तिला ओळखले, असे तिच्या चरित्रांत सांगतात. ही कथा ऐकून डोळे पाणावतात. परंतु आजच्या श्रोत्याच्या मनात एक शंकाही उठेल, आणि ती उठावी असेच आम्हांला वाटते. अरण्याच्या राजाला वाड्यात कोंडणे हे कसले प्रेम? रोझाबाई बंदूक घेऊन रानात शिकारीलाही जात, हेही येथे सांगितले पाहिजे. एकीकडे जनावरांनाही आत्मा असतो अशी तिची श्रद्धा होती, जी ऐकून आपल्या देशात कोणी दचकणार नाही, आणि दुसरीकडे हा पिंजरा. याचे समर्थन करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. तिच्या काळाचे दोष तिच्यातही होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिंजरा बांधणाऱ्या त्या युगात सिंहाकडे भय म्हणून किंवा शोभा म्हणून पाहणारे लाखो होते. सिंहाच्या मुद्रेत थकवा, कंटाळा, वात्सल्य हे भाव आहेत असे पाहून ते कागदावर उतरविणारे फार थोडे होते. पुढच्या पिढ्यांना पिंजऱ्याची लाज वाटू लागली, ती अशा पाहणाऱ्यांनी दृष्टी दिली म्हणूनच, असा आमचा समज आहे.

कीर्तीचे चाक फिरते राहते. १८७४ साली पॅरिसमध्ये ज्यांना पुढे इंप्रेशनिस्ट म्हणू लागले त्या चित्रकारांनी आपले पहिले प्रदर्शन भरविले, आणि हळूहळू लोकांची रुची पालटली. केस न् केस दाखविणारी कला जुनी ठरली. 'हे तर कॅमेरासुद्धा करील' असा आक्षेप आला. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहेत. १८७८ साली मायब्रिजने पळत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा चित्रकार पिढ्यान् पिढ्या घोड्याचे चारही पाय पुढेमागे ताणून जी दौड दाखवीत आले होते तशी ती नसतेच, हे सिद्ध झाले. रोझाबाईंनी कॅमेऱ्याचा दुस्वास केला नाही, उलट त्याचा उपयोग करून घेतला. परंतु कॅमेरा क्षण पकडतो, आणि दीड वर्ष बाजारात उभी राहिलेली बाई शेकडो क्षणांतून एक ओळख पकडते. त्या बैलाच्या खांद्यावर जे ओझे दिसते ते एका क्षणाचे नाही, जन्मभराचे आहे.

१८८९ साली नॅताली गेली आणि वाडा सुना झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचा बफेलो बिल आपला तांडा घेऊन आला. सदुसष्ट वर्षांची ही बाई दुःख बाजूस सारून त्याच्या तळावर गेली आणि तेथले घोडे, गवे आणि मूळ अमेरिकन स्वार यांची रेखाटने करीत बसली. शोकाला तिच्याजवळ दुसरे औषध नव्हते. शेवटच्या वर्षी ॲना क्लम्प्के ही अमेरिकन चित्रकर्ती तिच्या सोबतीस आली, आणि तिनेच पुढे १९०८ साली तिचे चरित्र प्रसिद्ध केले. २५ मे १८९९ रोजी रोझाबाईंनी बी येथेच देह ठेवला.

यानंतरची हकिकत आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. १९०० साली तिच्या घरातील चित्रांचा पॅरिसमध्ये लिलाव झाला. त्यांत दोन हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. जिची चित्रे घेण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेतले धनिक रांग लावीत, तिने एवढे काम घरातच ठेवले होते! काय होते ते? एखाद्या बैलाची नुसती मान, मेंढीचा एकच कान, घोड्याचा खूर, हरणाची वळलेली पाठ, एखादे झाड, आकाशाचा तुकडा. विकण्यासाठी नव्हे, दाखविण्यासाठीही नव्हे, ओळख पटावी म्हणून काढलेले. बाजाराला तिने चित्रे दिली, पण जनावरांशी चाललेले आपले बोलणे तिने बाजाराला दिले नाही.

आणखी एक मोठे चित्र अपुरे राहिले. फ्रान्सच्या दक्षिणेस कामार्ग नावाचा पाणथळ प्रदेश आहे. तेथे कणसांवर घोडे फिरवून गव्हाची मळणी करीत. आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात धरीत, तसेच ते. हे चित्र तिने १८६४च्या सुमारास हाती घेतले, सहा मीटरांहून लांब कापडावर. पस्तीस वर्षे ते घरी राहिले आणि पुरे झाले नाही. नांगरटीपासून निघालेली ही बाई मळणीपर्यंत आली आणि मळणी सुरू असतानाच उठून गेली, असे म्हणावेसे वाटते. योगायोग असा, की हे अपुरे चित्र आज तिच्या जन्मगावी बोर्दोच्या संग्रहालयात आहे. २०२२ साली, जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून, बोर्दोत आणि नंतर पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि जिला जुनी म्हणून अडगळीत टाकले होते तिच्यासमोर पुन्हा लोक उभे राहिले.

लोक का उभे राहिले, याचा विचार करू आणि आमचे बोलणे आवरते घेऊ. आज फ्रान्समध्ये नांगराला बैल नाहीत, आणि आपल्याकडेही ट्रॅक्टर आल्यापासून गोठे ओस पडत चालले आहेत. शहरातल्या मुलाला पोळ्याचा बैल ठाऊक आहे तो मातीचा, बाजारात विकत मिळणारा. यात यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, बैलाच्या मानेवरचे जू उतरले हे चांगलेच झाले. पण जूबरोबर बैलही आपल्या दृष्टीतून उतरला, आणि जे दृष्टीतून उतरते ते हळूहळू जगातूनही उतरते. माळावरचा माळढोक, गावाबाहेरची गिधाडे, ओढ्याकाठची झाडे ही कमी होत गेली तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या ते वेळेवर लक्षात आले? ज्याला आपण ओळखत नव्हतो तो गेल्याचे आपल्याला कळणार कसे? पाहणे ही चैनीची गोष्ट नाही, ती एक राखण आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती, की उद्या सकाळी घरातल्या मुलाच्या हाती एक कागद आणि पेन्सिल द्यावी, आणि अंगणातले मांजर, तारेवरचा कावळा, कुंडीतले रोप यांपैकी जे असेल त्याच्यासमोर त्याला अर्धा तास बसू द्यावे. चित्र चांगले आले का, हे विचारू नये. काय दिसले, एवढेच विचारावे. तो म्हणेल, कावळ्याची मान राखी आहे, मी आजवर काळीच समजत होतो. सोफी बॉनरने एका हट्टी मुलीला याच वाटेवर आणून सोडले होते. ती मुलगी पुढे कोठवर गेली ते आपण ऐकलेच.

वाऱ्याची झुळूक आता सुटली आहे, तेव्हा आपणांस अधिक अडकवून ठेवणे बरे नव्हे.